तपासलं, ठीक

५ फेब्रुवारी

ठकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकशील असं गृहीत धरलंय, म्हणून कामाचं आधी लिहिते. तुझी लेक काल आमच्या दवाखान्यात आली होती. गरोदर बायकांसाठी मी दर आठवड्याला वर्ग घेते, त्या वर्गाला. चौतिसावा आठवडा चालू आहे. बाळाचं डोकं खाली आहे, रक्तदाब चांगला आहे. पायांवर सूज आहे, पण ती माझ्याही आहे.

मी तिला बोलावलं नव्हतं. तिनं नाव लिहिलेला फॉर्म माझ्या हातात आला, मी वाचला, मग वर बघितलं. अकरा वर्षांत तिची मान थेट तुझ्यासारखी झाली आहे. कुणी रागावलं की उजवीकडे कलते, तशी.

काल नेमका मालिशचा दिवस होता. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जी जागा असते, बाळ बाहेर येताना जी सगळ्यात जास्त ताणली जाते, तिला आधीपासून ताणायची सवय लावायची. मी वर्गात तिला नुसतं 'मधली जागा' म्हणते, नाहीतर बायका माना खाली घालतात त्या वर करत नाहीत. नखं कापलेली हवीत, हात धुतलेले हवेत. बदामाचं तेल, नाहीतर स्वयंपाकाचं साधं. अंगठा दीड-दोन पेरं आत, मग खाली आणि दोन्ही बाजूंना सावकाश दाब, चुरचुरेपर्यंत, दुखेपर्यंत नाही. पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. मी घट्ट गळ्याचा एक जुना स्वेटर नेते आणि त्यातून चेंडू काढून दाखवते. ओढून काढला की शिवण उसवते. गळा आधी हातानं सैल केला की बहुतेक वेळा उसवत नाही. बहुतेक वेळा, हे मी दोनदा सांगते. पहिलटकरणींमध्ये टाके थोडे कमी लागतात, एवढंच याचं माप आहे.

एकजण म्हणाली, "सिस्टर, पोट एवढं पुढं आल्यावर हात पोचणार कसा?"

"नवऱ्याला सांगा."

"आमच्या ह्यांना डब्याचं झाकण उघडायला दिलं तर डबा फुटतो."

सगळ्या हसल्या. तुझी लेक हसली नाही. बायका गेल्या तरी ती बसून राहिली.

"मावशी, माझ्या वेळी आईला काय झालं होतं?"

"आईला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, मावशीला विचार."

म्हणजे तू सत्तावीस वर्षांनी चेंडू माझ्या अंगणात टाकलास. मी म्हटलं, थोडं फाटलं होतं, टाके घातले. आणि घड्याळाकडे बघून उठले.

तिला बाळंतपण इथंच करायचं आहे. तुला चालणार नसेल तर एक ओळ लिही, मी तिला दुसऱ्या दवाखान्याची चिठ्ठी देईन. कारण विचारणार नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

ठकू,

तुझं उत्तर आलं नाही. पण तिची नखं कापलेली होती.

अशी मुळापासून गोल नखं फक्त तू कापतेस. शाळेत असताना माझ्या उजव्या हाताची तूच कापायचीस आणि हटकून एका बोटातून रक्त काढायचीस. मी तिला सहज म्हटलं, छान कापलीस. ती म्हणाली, "आईनं कापली. म्हणाली, या दिवसांत लांब नखं बरी नाहीत." म्हणजे पत्राचं पहिलं पान तरी तू वाचलंस. एवढं मला पुरे आहे. पुरे नाही, पण आहे.

मालिश दोनदा केलं म्हणाली. जावयाला सांगितलं तर तो आधी हसला, मग हात धुवायला गेला तो बाहेरच येईना. शेवटी आरसा आणि तीन उशा घेऊन तिनं स्वतःच केलं. चुरचुरलं म्हणाली. मी म्हटलं, तेवढं चुरचुरायला हवं, श्वास सोडत राहा.

तिच्या जन्माच्या दिवसाबद्दल तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. तीन खाटांवर तीन बायका होत्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी सकाळपासून उभी होते, दुपारचं जेवण झालं नव्हतं. पोरीनं गालाला हात लावून ठेवलेला, त्यामुळे डोकं आणि कोपर एकदमच आलं. तू एवढंच म्हणत होतीस, "ताई, बाहेरचं कुणी नको. तूच कर." मी केलं. टाके सुबक पडले होते. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाईंनी बघितले आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा."

दोन महिन्यांनी तू माहेरी आलीस. आपण ताटं पुसत होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताई, मला वारा आवरत नाही. कधी कधी त्याहून जास्त."

मी म्हटलं, "होतं ग सगळ्यांना. सहा महिन्यांत बरं होतं." आणि तुझ्या हातातलं पुसून झालेलं ताट घेऊन पुन्हा पुसत बसले.

आई तेव्हा पलीकडच्या खोलीत होती. तिनं ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, झाकली मूठ ठेवा, सासरी कळायला नको. आपण तिघींनी मिळून मूठ झाकली. आतलं दुखणं मात्र तुझं एकटीचं होतं.

डोळे मिटताहेत. उद्या पुन्हा लवकर आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

ठकू,

परवा ती पुन्हा म्हणाली, "थोडं फाटलं होतं म्हणजे किती? आणि थोडंच फाटलं होतं तर आई तुझ्याशी बोलत का नाही?"

मी तिला सांगितलं नाही. आधी तुला सांगायला हवं. तुला ते माहीत आहे, तरी माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

टाके घालण्याआधी आणि नंतर आम्ही आणखी एक गोष्ट करतो. हातमोजा बदलायचा, बाईला विचारायचं आणि गुदद्वारातून बोट घालून तिथला गोल स्नायू सलग आहे का ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. वरून कातडी जुळलेली सुरेख दिसते आणि आत तो स्नायू तुटलेला असू शकतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याच दिवशी तुझ्याआधी दोघींना मी तसं तपासलं होतं.

मी हातमोजा बदलला होता. तू मांड्या जवळ घेतल्यास आणि म्हणालीस, "ताई, तिथं नको ना."

परकी बाई असती तर मी म्हटलं असतं, अर्धा मिनिट, राणी, श्वास सोड. दिवसातून चारदा म्हणते. पण तू होतीस. एका बादलीतल्या पाण्यानं आपण आंघोळी केल्या आहेत, तरी मला लाज वाटली. तुझी की माझी, ते अजून कळलेलं नाही. मी हातमोजा काढून टाकला. कागदावर त्यासाठी एक रकाना होता. मोकळा सोडला असता तर कुणीतरी विचारलं असतं. म्हणून मी लिहिलं: तपासलं, ठीक.

अकरा वर्षांपूर्वी तू आलीस, चप्पलही न काढता दारात उभी राहिलीस. दुसऱ्या दवाखान्यातल्या तपासणीत काय निघालं ते सांगितलंस. स्नायू तेव्हाच तुटला होता, कुणी शिवलाच नव्हता. आणि विचारलंस, "ताई, तपासलं होतंस का?"

मी म्हटलं, "हो."

तू एवढंच म्हणालीस, "बरं." आणि पिशवी उचललीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

फाटलं यात माझा दोष किती, हे मी अनेकदा मोजून पाहिलं आहे. तेव्हा हे मालिश आमच्याकडे कुणी शिकवत नव्हतं. गालाला हात लावलेलं बाळ होतं. फाटणं कदाचित कुणालाच टाळता आलं नसतं. पण बघणं माझ्या हातात होतं. नुसतं बघितलं असतं तर डॉक्टरांना बोलावलं असतं आणि त्याच दिवशी तो शिवला गेला असता. सोळा वर्षं तू प्रत्येक ठिकाणी आधी संडास कुठं आहे ते बघत राहिलीस, आणि त्यानंतरची अकराही. आई गेली तेव्हा तू दाराजवळच्या खुर्चीवर बसलीस. कुणी म्हणालं, हिला जायची घाई दिसते. मी तिथंच उभी होते. मी काही बोलले नाही.

तिला सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार.

ताई

ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. तो स्नायू तुटला की त्याची टोकं आत ओढली जातात. टाके घालताना एका बाजूला बोटाखाली पोकळी लागत होती. मला शंका आली होती, ठकू. नुसती लाज नव्हती. मी खूप दमले होते, आणि शंका खरी निघाली असती तर सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं.


६ मार्च

ठकू,

तू नको म्हणाली नाहीस. दहा दिवस वाट बघितली. मग तिला सांगितलं.

वर्गाच्या खोलीत, खुर्च्या एकावर एक रचून झाल्यावर. लांबण लावली नाही. जेवढं तुला लिहिलं तेवढंच, ता. क. सकट. ती ऐकत होती, हातात तो स्वेटर होता, गळा ताणत आणि सोडत होती.

मला वाटलं ती स्वतःबद्दल विचारेल, घाबरेल. ती म्हणाली, "म्हणून आई माझ्या सहलीला कधी आली नाही?"

मी म्हटलं, हो, बहुतेक म्हणूनच.

"आणि बक्षीस समारंभाला मागं उभी राहायची, मधेच निघून जायची. मला वाटायचं तिला माझ्यासोबत यायला आवडत नाही. मी पाचवीत असताना तिला तसं म्हटलंसुद्धा होतं."

"काय म्हणाली मग?"

"काही नाही. डब्यात लाडकी भाजी दिली."

मग ती रडली. आवाज न करता रडते, तुझ्यासारखी. मी पाण्याचा पेला दिला, तिनं घेतला आणि प्यायली नाही. मला जवळ जाता आलं नाही आणि तिनं बोलावलंही नाही.

जाताना दारात थांबली. म्हणाली, "माझं बाळंतपण तू करायचं नाहीस. ती उंच सिस्टर आहे ना, ती करेल." मी म्हटलं, बरोबर आहे. "पण तू खोलीत थांबायचं. तुला एकच काम. झाल्यावर तिला विचारायचं, तपासलं का."

"ती तपासतेच ग. आता सगळ्याजणी तपासतात."

"तरी तू विचारायचं. मोठ्यानं. आई तिथं असेल."

तुला तिनं सांगितलं आहे की नाही, ठाऊक नाही. उंच सिस्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, हात शांत आहे, बोलते कमी. मी तिला एवढंच सांगितलं की माझी भाची आहे आणि मी हात लावणार नाही. ती म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ, लांबच राहा." तिला काय कळलं कोण जाणे.

ताई


१९ मार्च

ठकू,

तू तिथं होतीस, म्हणून सगळं लिहीत नाही. पण तू तिच्या उशाशी होतीस आणि मी पायथ्याशी, म्हणून तुला जे दिसलं नाही तेवढं लिहिते.

मी दोन तास फक्त कपडे पिळत होते. गरम पाण्यातून काढायचा, आपल्या मनगटावर लावून बघायचा, उंच सिस्टरला द्यायचा. ती तो मधल्या जागेवर धरून ठेवायची. डोकं दिसू लागलं तेव्हा तिनं एक हात बाळाच्या डोक्यावर ठेवला, एक खाली, आणि म्हणाली, "आता जोर नको, फुंकर घाला." तू वरून म्हणत होतीस, "फुंकर, फुंकर घाल ग." मला तुझा आवाज किती दिवसांनी ऐकू येत होता. मी कपडा पिळायचा विसरले आणि पाणी माझ्या बुटात गेलं.

तुझी नात सावकाश आली. दोन्ही हात खाली, शहाण्यासारखे. थोडं फाटलं, वरवरचं, दोन टाके. मालिशमुळे कमी फाटलं, की गरम कपड्यामुळे, की नुसतं नशीब, हे मला सांगता येणार नाही. तुझी लेक सगळं श्रेय तीन उशांना देते.

टाके झाले. उंच सिस्टर सामान गोळा करू लागली. मला माझं काम करायचं होतं. मी हातातला कपडा खाली ठेवला आणि मोठ्यानं विचारलं. 

"तपासलं का?"

ती म्हणाली, "आधी बघितलंय. आता नंतरचं राहिलं." आणि हातमोजा बदलला. तेव्हा तुझ्या लेकीनं मांड्या जवळ घेतल्या. दमली होती बिचारी, बाळ छातीवर होतं. स्वतःच बजावून ठेवलेलं विसरून म्हणाली, "आता नको ना. तिथं नको."

मी तुझ्याकडे बघितलं नाही.  उंच सिस्टरचा हात तसाच थांबला. नको म्हणणाऱ्या बाईला ती हात लावत नाही, बरोबरच आहे.

आणि तू तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणालीस, "अर्धा मिनिट, राणी. श्वास सोड."

म्हणजे तू माझी पत्रं शेवटपर्यंत वाचली होतीस.

तिनं मान हलवली, श्वास सोडला. उंच सिस्टरनं बघितलं आणि म्हणाली, "स्नायू सलग आहे." रकान्यात लिहिलं. अर्धा मिनिटही लागला नाही. मी घड्याळ बघत होते, वीस सेकंद.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि ओले बूट काढले. तू दोनदा समोरून गेलीस. दुसऱ्यांदा माझ्या बुटांकडे बघितलंस.  

आता एक गोष्ट, आणि ही शेवटची. आमच्याकडे दर बुधवारी एक फिजिओथेरपिस्ट येते. फक्त याच बायकांसाठी, ज्यांना वर्षानुवर्षं आवरत नाही. खूप जुन्या दुखण्यांतही व्यायामानं फरक पडतो म्हणते, सगळ्यांना नाही, पुष्कळजणींना. लागलंच तर पुढं कुणाला दाखवायचं तेही ती सांगते. मागच्या बुधवारी तिच्याकडे सत्तर वर्षांच्या आजी आल्या होत्या, जाताना तिला म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी समजत होते, मीच एकटी घाणेरडी आहे."

तुझ्यासाठी नऊ एप्रिलची वेळ धरून ठेवली आहे, सकाळची. त्या दिवशी मी सुट्टी घेईन. दवाखान्यात मी दिसणार नाही, वाटेतही नाही. तू ये फक्त.

ताई


७ एप्रिल

ठकू,

काल तुझी लेक बाळाचं वजन करायला आली होती. वजन छान वाढतंय. टाके भरले आहेत. बसताना कण्हत नाही, मी लक्ष ठेवून होते.

बाळाला गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आईचा निरोप आहे. सुट्टी कशाला घेते म्हणावं."

मी म्हटलं, "एवढंच?"

"अजून आहे. म्हणाली, तिथं मोठा फॉर्म असतो म्हणे. तो मी भरणार नाही. जिनं तेव्हा लिहिलं तीच लिहील."

तुझा आवाज काढून म्हणाली. मान उजवीकडे कललेली.

मी सुट्टीचा अर्ज परत घेतला. उंच सिस्टर म्हणाली, "बाई, एकदा ठरवा काय ते."

फॉर्म चार पानी आहे. तिसऱ्या पानावर पहिल्या बाळंतपणाचं आहे: फाटलं होतं का, टाके कुणी घातले, नंतर तपासणी झाली होती का. ते पान मी आजच भरून ठेवणार होते, मग ठेवून दिलं. तुझ्यासमोर भरीन. तुला वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात लिहीन: नाही. आणि खाली माझी सही करीन.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेर सहा खुर्च्या आहेत, दाराजवळच्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवीन म्हणजे कुणी बसणार नाही. संडास तिथून डावीकडे, अकरा पावलं. आज दुपारी चालून मोजली.

ताई